स्वादुपिंडाचा दाह आणि डिप्रेशनच्या गोळ्या : पार्श्वभूमी

नाशिकच्या मेडिकल दुकानांत हा प्रसंग नवा नाही. पोटाच्या डॉक्टरांनी रात्रीसाठी १० मिलिग्रॅमची ॲमिट्रिप्टिलीन ही डिप्रेशनची गोळी लिहून दिलेली असते. काउंटरवर उभ्याउभ्याच मोबाईलवर नाव शोधून पेशंट तडकतो : "पोट दुखतंय माझं, डोकं नाही!" जुनाट स्वादुपिंडदाहात (पाचकरस बनवणाऱ्या पॅन्क्रियास ग्रंथीच्या दाहात) दुखणं वाहून नेणाऱ्या नसाच बिघडतात, म्हणून १९६० च्या दशकापासूनची ही गोळी लहान डोसमध्ये दिली जाते. ती वेदनेसाठी असते. ग्रंथी वाचवायचं काम तिच्याकडे कुणी सोपवलेलं नव्हतं.

डिप्रेशनच्या गोळ्या स्वादुपिंडाचं 'संरक्षण' करतात, असा दावा त्यानंतर आला आणि घोळ वाढला. त्याआधीचा घोळ मराठीतलाच. रिपोर्ट हातात पडला की घरी सांगतात, 'स्वादुपिंडाला सूज आहे.' सूज म्हटलं की मुरगळलेला पाय आठवतो, दाह म्हटलं की ॲसिडिटीची जळजळ. प्रत्यक्षात आतड्यात पोचल्यावर जागं व्हायचं ट्रिप्सिन हे पाचक द्रव्य ग्रंथीच्या पेशींतच जागं होतं आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. ही कल्पना १८९६ सालची. मग पांढऱ्या पेशी धावून येतात, टीएनएफ आणि आयएल-६ सारखी दाह भडकवणारी रसायनं रक्तात उतरतात, आणि प्रकरण चिघळलं तर फुप्फुसं आणि किडनीही त्यात ओढली जातात. म्हणजे आगी दोन : एक पाचकरसाची, दुसरी प्रतिकारशक्तीची. डिप्रेशनच्या गोळ्यांकडून आशा आहे ती दुसऱ्या आगीपुरती. दुखणं कमी होणं, भडका कमी होणं आणि मुळात दाहच न होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मथळ्यांत मात्र तिन्हींना एकच शब्द पुरतो.

पहिल्या आगीवरही जुना प्रयोग झालेला आहे. ग्रंथीला 'विश्रांती' द्यायची म्हणून पाचकरस आटवणारं ॲट्रोपिन हे औषध देत असत. रस आटला, तरी आजार हटला नाही.

दुसऱ्या आगीची चर्चा वाढली ती २०१९ नंतर. फ्लुवोक्सामिन ही डिप्रेशनची गोळी पेशीतल्या सिग्मा-१ रिसेप्टर या प्रथिनामार्फत दाह आवरते, असं सेप्सिस (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला जीवघेणा प्रतिसाद) झालेल्या उंदरांवर दिसलं. कोविडमध्ये तीच गोळी माणसांवर तपासली गेली. ब्राझीलमधल्या चाचणीत फायदा दिसला, नंतरच्या अमेरिकेतल्या चाचणीत दिसला नाही आणि २०२२ मध्ये तिथल्या औषध नियामकाने आपत्कालीन परवानगी नाकारली. स्वादुपिंडाच्या बाबतीत तर एवढ्या मोठ्या चाचण्यांपर्यंतही गाडी पोचलेली नाही. तरी 'डिप्रेशनची गोळी सूज उतरवते' हे वाक्य तेव्हापासून फिरतंय, आणि ते घाईचं आहे असं माझं मत.

कारण हीच औषधं संशयितांच्या यादीतही आहेत. डिप्रेशनच्याच मिर्टाझापिन या गोळीने रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, वाढू शकतात आणि ते फार वाढले तर तीव्र स्वादुपिंडदाह होतो. डिप्रेशनसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांच्या माहितीपत्रकांतही क्वचित होणाऱ्या त्रासांत स्वादुपिंडदाहाची नोंद सापडते. डिस्चार्ज कार्डावर कारणाच्या रकान्यात 'औषधामुळे?' असं लिहिलं, की घरचे गोळी परस्पर बंद करतात आणि महिन्याभरात मनाचं दुखणं परततं. दोष ठरवणंही सोपं नसतं. डिप्रेशनमध्ये दारू आणि सिगारेट वाढलेली असू शकते, आणि ती दोन्ही स्वादुपिंडाच्या मुळावर उठणारी. गोळ्या घेणाऱ्यांत दाह जास्त दिसला तर त्यात गोळीचा वाटा किती आणि बाटलीचा किती, हे नुसत्या केसपेपरवरून वेगळं काढता येत नाही.