दिव्यावर चालणारा रेडिओ

व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरतोय: मेणबत्तीवर चौकोनी चकती धरली की छोटा पंखा गरगरतो. खाली मथळा, 'फुकट वीज! कंपन्यांनी दडवलेलं तंत्र!' दडवलेलं कसलं? 1950च्या दशकात सोव्हिएत संघातल्या खेड्यांत उष्णतेतून वीज काढायचं हेच तंत्र कित्येक घरांत छताला टांगलेलं होतं. आणि फुकट म्हणाल, तर मेणबत्ती काय दुकानदार ओवाळून देतो?

साम्यवाद म्हणजे सोव्हिएत सत्ता अधिक साऱ्या देशाचं विद्युतीकरण, असं लेनिननं 1920 साली सांगितलं होतं. तीस वर्षांनी सत्ता पक्की होती, विजेचे खांब मात्र कित्येक खेड्यांत पोचायचे होते. सरकारचा आवाज तर पोचायलाच हवा. मग 'टीजीके-3' आला: साधा रॉकेलचा दिवा, काचेच्या डोक्यावर धातूच्या उभ्या पात्यांचा गोल झुबका, आणि त्यातून रेडिओकडे जाणाऱ्या तारा.

दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकांशी जोडल्या, एक सांधा तापवला, दुसरा गार ठेवला, की वीज वाहते. जर्मन शास्त्रज्ञ सीबेकला 1821 साली हे दिसलं. होकायंत्राची सुई हलली म्हणून तो त्याला चुंबकत्वच समजून बसला. पण तांबं आणि कॉन्स्टंटन (तांबं-निकेलचा मिश्रधातू) यांच्या जोडीत 100 अंशांच्या फरकाला मिळतात जेमतेम 4 मिलिव्होल्ट. लेनिनग्राडचे भौतिकशास्त्रज्ञ अब्राम योफे यांनी अर्धवाहकांचा, म्हणजे धातूंपेक्षा कमी वीज वाहू देणाऱ्या पदार्थांचा, हट्ट धरला. झिंक-अँटिमनी या अर्धवाहकात धन 'होल' (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) गार टोकाकडे सरकतात, कॉन्स्टंटनमध्ये ऋण इलेक्ट्रॉन. म्हणून दोघांचे व्होल्ट एकमेकांत मिळतात आणि आकडा पाच-सहा पट होतो. अशा जोड्या एकापुढे एक लावत जायच्या.

खरी मेख गार बाजूची. दुसऱ्या महायुद्धात योफेंच्याच मंडळींनी गनिमी सैनिकांच्या वायरलेससाठी याच तत्त्वावर पातेलं केलं होतं. बूड जाळावर, आत पाणी. उकळतं पाणी 100 अंशांपुढे जात नाही, म्हणजे 'गार' बाजू आपोआप बांधलेली! दिव्यात पाणी नाही, म्हणून ती पाती: उष्णता खोलीत सोडायला.

त्या काळच्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) रेडिओत फिलामेंटला, म्हणजे नळीतल्या तापणाऱ्या तारेला, दीडएक व्होल्ट पुरतात, ॲनोडला, म्हणजे नळीतल्या धन पट्टीला, मात्र 90च्या आसपास लागतात. त्यासाठी व्हायब्रेटर: शाळेतल्या विजेच्या घंटेसारखी थरथरणारी पट्टी प्रवाह तोडते-जोडते, मग ट्रान्सफॉर्मर तो चढवतो. एवढ्या खटाटोपात रॉकेलच्या उष्णतेतला अगदी थोडा भागच विजेत उतरे. बाकी सगळी खोली तापवायला.

बातम्या दुपारी ऐकायच्या असल्या, तर भर उन्हातही दिवा लावावा लागे.