कलादालन ते स्टुडिओ : मुंबईच्या चित्रकारांनी काय पाहिले

पावसाळा सरला की मुंबईत चित्रप्रदर्शनांचा हंगाम भरात येतो आणि पुढे उन्हाळा लागेपर्यंत काळा घोडा, फोर्ट आणि कुलाबा या परिसरात दर आठवड्याला नवे काही ना काही लागलेले असते. या दालनांत रसिक येतात, खरेदीदार येतात, आणि स्वतः चित्रे काढणारेही मोठ्या संख्येने येतात. चित्रकाराच्या मनात बहुधा स्टुडिओत अडून बसलेले स्वतःचे एखादे काम असते आणि समोरच्या चित्रात तो, कळत-नकळत, त्या अडचणीचे उत्तर शोधत असतो. एखादा रंग कोरडा कसा ठेवला आहे, आकृतीच्या पाठीमागची जागा रिकामी का सोडली आहे, कॅनव्हासच्या कडेशी रेषा कशी थांबवली आहे, याकडे तो बारकाईने पाहतो. असे पाहणे मुंबईच्या कलेच्या इतिहासात वारंवार निर्णायक ठरले आहे. मात्र मूळ कलाकृती पाहायला मिळणे ही या शहरात दीर्घकाळ दुर्मीळ गोष्ट होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या इतिहासाचे महत्त्व उमगत नाही.

सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये जे. जे. कलाशाळा सुरू झाली, तेव्हा विद्यार्थ्यांसमोर ठेवायला युरोपीय शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती होत्या. हात त्यांवर घडवला जाई. मूळ भारतीय चित्रकलेशी या शाळेचा पहिला मोठा आणि प्रदीर्घ संबंध आला तो तिथले ब्रिटिश शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्यामुळे. १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना अनेक हंगाम अजिंठ्याला घेऊन गेले आणि लेण्यांतील भित्तिचित्रांच्या मोठ्या आकाराच्या रंगीत प्रती त्यांच्याकडून करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या चमूतले एक महत्त्वाचे नाव. लंडनला पाठवलेल्या या प्रतींपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या, ही हानी मोठीच. तरीही भिंतीसमोर महिनोन्महिने उभे राहून एकेक आकृती उतरवताना त्या विद्यार्थ्यांच्या नजरेला आणि हाताला जे वळण लागले असेल, ते वर्गातल्या प्लास्टरच्या प्रतिकृतींतून लागणे शक्य नव्हते. प्रत करणे हे पाहण्याचेच सर्वांत संथ रूप आहे आणि आजच्या विद्यार्थ्यांनी ते अगदीच सोडून द्यावे, हे मला पटत नाही.

१८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या वार्षिक प्रदर्शनांमुळे शहरातील चित्रकारांना एकमेकांचे काम एकाच छताखाली पाहण्याची सोय झाली. महादेव विश्वनाथ धुरंधर यांना १८९५ मध्ये तिथे सुवर्णपदक मिळाले आणि लगेच पुढच्या वर्षी तरुण गणपतराव म्हात्रे यांच्या ‘मंदिरपथगामिनी’ या शिल्पाने सर्वांचे लक्ष वेधून घेतले. सोसायटीच्या प्रदर्शनात कोणते चित्र गाजले, याचा परिणाम पुढच्या वर्षीच्या चित्रांवर होणे स्वाभाविक होते. त्याची दुसरी बाजूही आहे. पदक ज्या प्रकारच्या चित्राला मिळते त्या प्रकारची चित्रे वाढतात, आणि यथार्थदर्शी व्यक्तिचित्रे, निसर्गदृश्ये व पौराणिक प्रसंग यांचा एक ठरीव साचा तयार होण्यात वार्षिक प्रदर्शनांचा वाटा होता, असे मानायला जागा आहे.

या साच्याला बाहेरून धक्का देणाऱ्यांत अमृता शेरगिल यांचा उल्लेख करावाच लागतो. त्या मुंबईच्या नव्हत्या, पण त्यांच्या कामातील मोठे वळण मुंबईच्या वाटेनेच आले. १९३६ च्या अखेरीस ताजमहाल हॉटेलात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. याच मुक्कामात कलासमीक्षक व संग्राहक कार्ल खंडालावाला यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि खंडालावाला यांच्या संग्रहातील राजस्थानी व पहाडी लघुचित्रे त्यांना पाहता आली. इथून त्या अजिंठा-वेरूळला आणि पुढे दक्षिणेकडे गेल्या. परतल्यावर १९३७ मध्ये त्यांनी ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि बाजाराला निघालेले दक्षिण भारतीय खेडूत ही तीन चित्रे रंगवली. पॅरिसमध्ये शिकलेली त्यांची तैलरंगाची हाताळणी या चित्रांत टिकून आहे. आकृतींची मांडणी, त्यांचा एकमेकींशी असलेला लयबद्ध संबंध आणि मातकट लाल-तपकिरी रंगांची घनता मात्र अजिंठ्याशी नाते सांगते. त्याच वर्षी त्यांच्या ‘तीन मुली’ या आधीच्या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

मुंबईतल्या तरुण चित्रकारांना तेव्हा युरोपातील आधुनिक कला प्रत्यक्ष दिसत नव्हती. ती पुस्तकांतून आणि छापील प्रतिकृतींतून येत होती. नाझींच्या छळामुळे युरोप सोडून मुंबईत आलेल्या काही जणांनी ही उणीव अंशतः भरून काढली. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक झालेले ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडी फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर या तिघांची घरे तरुण चित्रकारांसाठी उघडी असत. लँगहॅमर यांच्या घरी चित्रे दाखवली जात, त्यांच्यावर चर्चा होई, आणि प्रतिकृती हातात घेऊन फ्रेंच चित्रकार सेझानने टेकडीचे घनाकार कसे बांधले हे समजून घेता येई. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या घडणीत या बैठकींचा मोठा हात होता. एफ. एन. सूझा, एस. एच. रझा, के. एच. आरा, एम. एफ. हुसेन, एच. ए. गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे हे त्याचे सहा संस्थापक सदस्य.

पण खरा धक्का यानंतर बसला, आणि तो भारतीय कलाकृतींनीच दिला. लंडनच्या रॉयल अकॅडमीत १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन भरले होते. देशभरातील संग्रहालयांतून गोळा केलेल्या त्या वस्तू आपापल्या जागी परत पाठवण्यापूर्वी दिल्लीत, आजच्या राष्ट्रपती भवनाच्या दालनांत, मांडण्यात आल्या. हुसेन आणि सूझा ते पाहायला मुंबईहून दिल्लीला गेले. जे. जे.त आणि सोसायटीच्या प्रदर्शनांत भारतीय परंपरा बहुतांशी पौराणिक विषय म्हणून समोर येत असे. दिल्लीत ती मथुरेच्या आणि गुप्तकाळाच्या दगडी शरीरांतून आणि बसोली या पहाडी संस्थानातल्या लघुचित्रांतील भडक, सपाट, एकमेकांना भिडणाऱ्या रंगांतून दिसली. हुसेन तोवर चित्रपटांचे फलक रंगवत आणि मुलांसाठी लाकडी खेळणी करत आले होते, म्हणजे मोठी रेषा आणि सोपा आकार त्यांच्या हातात होताच. दिल्लीत त्या हाताला आधार मिळाला. पुढे ते स्वतः सांगत की शिल्पांकडून त्यांनी आकृतीचा डौल घेतला, बसोलीकडून रंग घेतला आणि लोककलेतला निरागस भाव त्यांत मिसळला. १९५५ चे ‘जमीन’ आणि १९५६ चे ‘बिट्वीन द स्पायडर अँड द लॅम्प’ या चित्रांत हे तिन्ही घटक इतके एकजीव झाले आहेत की कोणता कुठून आला हे वेगळे काढता येत नाही. दिल्लीची भेट आणि ही चित्रे यांच्यामधला सात-आठ वर्षांचा काळ लक्षात घेण्याजोगा आहे, कारण पाहिलेले चित्र हातात उतरायला इतका वेळ लागतो, याचा हा स्पष्ट दाखला आहे. याच प्रदर्शनाच्या यशातून १५ ऑगस्ट १९४९ रोजी राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. त्याच वर्षी प्रोग्रेसिव्ह ग्रुपचे पहिले प्रदर्शन मुंबईत, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात, लेखक मुल्कराज आनंद यांच्या हस्ते उघडले.

१९५२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली, तेव्हा शहराला चित्रप्रदर्शनांसाठी एक हक्काची, मध्यवर्ती आणि प्रेक्षकांना विनामूल्य अशी जागा मिळाली. तिथली प्रदर्शने साधारणपणे आठवडाभराची असतात आणि दालन मिळण्यासाठी चित्रकारांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. शेजारी १९२२ पासूनचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आहेच. त्यामुळे एकाच दुपारी लघुचित्रे आणि समकालीन चित्रे अशी दोन्ही पाहणे जमू लागले. १९६३ मध्ये केकू आणि खोर्शेद गांधी यांची गॅलरी केमोल्ड जहांगीरच्याच वरच्या मजल्यावर सुरू झाली. पंडोल गॅलरीही त्याच वर्षीची. तिकडे वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई संस्थेत वासुदेव गायतोंडे, हुसेन, नसरीन मोहमदी यांच्यासारख्यांचे स्टुडिओ एकाच आवारात होते. तिथे शेजाऱ्याचे चित्र अपुरे असतानाच दिसे, आणि अपुरे चित्र पूर्ण चित्रापेक्षा चित्रकाराला अधिक शिकवते, कारण त्यात निर्णय अजून उघडे असतात.

मूळ कलाकृती आणि तिची छापील प्रतिकृती यांतील अंतर किती मोठे असू शकते, हे मुंबईचे चित्रकार तय्यब मेहता यांच्या उदाहरणावरून सर्वांत चांगले कळते. १९५९ ते १९६४ या काळात ते लंडनमध्ये होते आणि तिथला चित्रकार फ्रान्सिस बेकन याच्या चित्रांतील पिळवटलेल्या मानवी आकृतींचा ठसा त्यांच्या मनावर उमटला होता. त्या वर्षांतील त्यांची चित्रे जाड रंगलेपाची, खरबरीत पोताची आहेत. १९६८ मध्ये शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले आणि तिथे अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमनची चित्रे त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. न्यूमनच्या चित्रात एकाच रंगाचे विस्तीर्ण क्षेत्र आणि त्याला उभी छेदणारी एखादी अरुंद पट्टी एवढेच असते. पुस्तकाच्या पानावर ते चित्र तळहाताएवढे होते आणि नुसती युक्ती वाटावी असे दिसते. प्रत्यक्षात यांतील कित्येक चित्रे माणसाच्या उंचीहून मोठी आहेत. त्यांच्यासमोर उभे राहिले की रंग नजरेच्या कडेपर्यंत भरून राहतो आणि ती पट्टी स्वतःच्या शरीराला समांतर उभी असल्यासारखी जाणवते. मूळ चित्र पाहिले नसते तर आपण त्याला क्लृप्ती म्हणून सोडून दिले असते, असे मेहता यांनी पुढे सांगितले.

परतल्यानंतर त्यांच्या स्टुडिओत जे घडले ते केवळ अनुकरण नव्हते. न्यूमनची रेषा उभी आहे. मेहता यांनी १९६९ पासून कॅनव्हासच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे जाणारा तिरका छेद घेतला आणि मानवी आकृती सोडली नाही. तोच छेद आकृतीचे तुकडे करतो आणि तेच तुकडे चित्राला एकत्र धरून ठेवतात. फाळणीच्या दिवसांत मुंबईच्या रस्त्यावर पाहिलेली हत्या त्यांच्या मनात घर करून होती आणि दुभंगलेल्या शरीराचा प्रश्न त्यांना आधीपासून छळत होता. सपाट रंगाने आणि तिरक्या रेषेने त्या प्रश्नाला भाषा मिळाली. पुढच्या दशकांतील काली आणि महिषासुर यांवरील चित्रे याच भाषेत लिहिलेली आहेत. स्वतःचा प्रश्न घेऊन न गेलेल्या चित्रकाराला न्यूमन पाहून फार तर एक उसनी पट्टी मिळाली असती.

१९८१ मध्ये जहांगीरमध्ये भरलेले ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन मला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे वाटते. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, जोगेन चौधरी, नलिनी मलानी आणि सुधीर पटवर्धन या सहा जणांनी माणूस, वस्ती आणि गोष्ट यांना चित्रात पुन्हा जागा मागितली. पटवर्धन ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत आणि उरलेल्या वेळात लोकल, कामगार, इराणी हॉटेल आणि उपनगरांतील चाळी-इमारती रंगवत. ज्या तरुणांना तोवर अमूर्तता हाच आधुनिकतेचा एकमेव मार्ग वाटत होता, त्यांना रोज दिसणारा ठाणे-मुंबईचा परिसर मोठ्या चित्राचा विषय होऊ शकतो, हे कलादालनाच्या भिंतीवर पाहायला मिळाले.

त्यानंतरच्या पिढीत अतुल डोडिया यांचा प्रवास याच धाग्यातला आहे. घाटकोपरला वाढलेले, जे. जे.त शिकलेले डोडिया १९९१-९२ मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला राहिले आणि ज्या चित्रांवर ते पुस्तकांतून वाढले होते ती त्यांना तिथे समोर दिसली. नंतरच्या त्यांच्या कामात इतर चित्रकारांचे संदर्भ उघडपणे येऊ लागतात. पुढे तर प्रदर्शनाची मांडणीच त्यांच्या चित्राचा भाग झाली. पोरबंदरच्या गांधी स्मारकातील लाकडी, काचेची कपाटे पाहून त्यांनी २००२ मध्ये ‘ब्रोकन ब्रँचेस’ ही कपाटांची मालिका केली. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने २००८ मध्ये जीर्णोद्धारानंतर दारे उघडली आणि समकालीन कलावंतांना आपल्या जुन्या संग्रहाशी संवाद साधायला बोलावले, तेव्हा जितीश कल्लाट यांचे २०११ मधील आणि डोडिया यांचे २०१४-१५ मधील प्रदर्शन तिथेच झाले. १८७२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या त्या इमारतीतील मातीच्या प्रतिमा, नकाशे आणि काचपेट्या यांच्या सोबतीने नवे काम लागल्यावर प्रेक्षकाला दोन्ही काळ एकत्र वाचता आले.

२०१९ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबई शाखेत चित्रकार प्रभाकर बरवे यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, त्यात चित्रांबरोबर त्यांच्या रोजनिश्याही ठेवल्या होत्या. बरवे वर्षानुवर्षे त्यांत रेखाटने, शब्द आणि चित्राच्या आधीचे विचार नोंदवत. पान, घड्याळ, शंख यांसारख्या साध्या वस्तू वहीतून कॅनव्हासवर कशा पोहोचल्या, हे पाहायला जे. जे.तील विद्यार्थी आले असतील तर त्यांना तयार चित्रापेक्षा अधिक उपयोगी काहीतरी मिळाले असणार, कारण स्टुडिओतली वाट दाखवणारी साधने दालनात क्वचितच मांडली जातात.

आता प्रतिकृती पुस्तकातून फोनच्या पडद्यावर आली आहे. न्यूयॉर्कचे किंवा पॅरिसचे चित्र क्षणात दिसते, आणि ते पुन्हा तळहाताएवढेच दिसते. मुंबईतील विद्यार्थ्याला त्यावर उतारा म्हणून निदान काळा घोडा आहे. अमरावती, सोलापूर किंवा नाशिकच्या कलामहाविद्यालयातील विद्यार्थ्याला तो सहज मिळत नाही. हे ओळखून सुधीर पटवर्धन यांनी २००८-०९ मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय चित्रांचे फिरते प्रदर्शन आखले आणि ते महाराष्ट्रातील शहरांत नेले. त्यासोबत मराठीतून माहिती आणि चर्चा यांची जोड होती, आणि मुंबईबाहेर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ज्या चित्रकारांविषयी वाचायला मिळत होते, त्यांची मूळ चित्रे आपल्या शहरात, हाताच्या अंतरावरून पाहता आली.