बॅकलाइट ड्रायव्हरमधील चालू-बंद स्थिती

बॅकलाइट ड्रायव्हर म्हणजे एलसीडी पडद्यामागील दिव्यांचा उजेड आणि त्यांचे चालू-बंद असणे सांभाळणारा कार्यप्रणालीचा भाग. एलसीडीला स्वतःचा उजेड नसतो. मागचे एलईडी विझले की चित्र तयार होत राहते, पण दिसत नाही.

लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स कार्यप्रणालीचा गाभा, प्रत्येक बॅकलाइटसाठी उजेडाची पातळी आणि पॉवर अशा दोन स्वतंत्र नोंदी ठेवते. हे वेगळेपण का लागते, ते मेळघाटातल्या एखाद्या सेवा केंद्रात दिसते. लाइन गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर येतो, केंद्रचालक उजेड कमी करून सातबारा काढत राहतो, आणि मध्येच पडदा आपोआप विझला तर कळ दाबताच पूर्वीचाच उजेड परत यावा, ही त्याची साधी अपेक्षा असते. पडदा विझवताना ड्रायव्हरने उजेडाच्या नोंदीतच शून्य लिहून ठेवले, तर जुनी पातळी पुसली जाते, लॅपटॉप चालू असूनही पडदा काळाच राहतो आणि धडधाकट यंत्र दुरुस्तीसाठी धारणीला न्यावे लागते.

पॉवरच्या नोंदीत 0 म्हणजे चालू आणि 4 म्हणजे बंद. हा उलटा वाटणारा क्रम फ्रेमबफर उपप्रणालीतून, म्हणजे पडद्यावरचे चित्र सांभाळणाऱ्या कर्नलच्या भागातून आला. तिथे 0 ते 4 अशा पाच अवस्था होत्या, आणि त्यांतील 2 व 3 या अवस्था काचनळीच्या मॉनिटरकडे जाणारा उभा किंवा आडवा समकालन संकेत (चित्राची चौकट आणि ओळी जुळवणारा सिंक सिग्नल) थांबवण्यासाठी होत्या. एलईडीच्या पट्टीला असा संकेत जातच नाही, त्यामुळे ड्रायव्हर लिहिणारे मधल्या अवस्थांचा आपापल्या परीने अर्थ लावत. 2024 मध्ये बॅकलाइटसाठी वेगळे स्थिरांक आले: चालू, बंद, आणि 1 या किमतीची ‘कमी’ अवस्था, जी केवळ जुन्या ड्रायव्हरांसाठी ठेवली असून नव्यांनी वापरू नये. किमती मात्र बदलल्या नाहीत, कारण कर्नलने फाइलींच्या रूपात दाखवलेल्या या किमती वाचणारे प्रोग्रॅम मोडले असते. ओबडधोबड असला तरी हा निर्णय योग्यच म्हणावा लागतो.

उजेड शून्यावर आणल्यास काही पडदे पूर्ण विझतात, तर काही मंद तेवत राहतात, म्हणून शून्याला ‘बंद’ समजणे धोक्याचे आहे. नव्या ड्रायव्हरने कर्नलच्या सहायक फंक्शनकडूनच प्रत्यक्षात द्यायचा उजेड विचारावा. बॅकलाइट बंद किंवा निद्रावस्थेत असेल तर ते शून्य कळवते आणि मूळ नोंदीला हात लावत नाही.