कोर्दोबाच्या दुमजली कमानी

स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मशिदीत शिरलं की नजर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानींवर खिळते. माझा आग्रह असा, की आधी खांबांकडे बघावं. एक करडा, शेजारचा गुलाबी झाक असलेला, एखाद्यावर पिळाच्या खाचा. खांबांच्या माथ्यांवर कोरलेली पानंही सगळीकडे सारखी नाहीत. कारण हे खांब मुळात या इमारतीसाठी घडवलेलेच नव्हते. अमीर अब्द अल-रहमान पहिला याने ७८५-८६ च्या सुमारास काम काढलं, तेव्हा रोमन आणि त्यांच्यानंतर इथे राज्य केलेल्या व्हिसिगॉथ लोकांच्या काळातल्या जुन्या इमारतींचे खांब आणून इथे उभे केले गेले.

खांब आयते मिळाले, पण ते आखूड होते. एवढ्या विस्तीर्ण दालनाचं छप्पर थेट त्यांच्यावर टाकलं असतं, तर आत अंधारून आलं असतं आणि जीव दडपला असता. उंची वाढवावी, तर बारीक खांब कलण्याची भीती. यावर गवंड्यांनी काढलेला तोडगा हीच या वास्तूची खरी करामत. प्रत्येक खांबावर त्यांनी चौकोनी दगडी स्तंभ चढवला आणि त्यावर अर्धवर्तुळाकार कमानी टाकून छपराची भिंत पेलली. खाली, खांबाच्या शिरापाशी, दुसरी कमान बसवली. ही घोड्याच्या नालेच्या आकाराची. तिच्यावर काहीच टेकलेलं नाही, वरच्या कमानीपर्यंत नुसती पोकळी आहे. म्हणजे छपराचं ओझं ती वाहत नाही. दोन्ही बाजूंच्या स्तंभांना मध्येच धरून ठेवायचं, कलू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम.

कमान नेहमीच बाजूला रेटा देते. पण ओळीत शेजारशेजारच्या कमानींचे रेटे एकमेकांना तोलतात, आणि खांबावर येतं ते जवळजवळ सरळ खाली जाणारं वजन. असा दाब दगड उत्तम सोसतो. ओळीच्या टोकाला उरलेला रेटा बाहेरच्या जाड भिंती आणि त्यांचे धिरे घेतात.

बांधकाम वर जाताना रुंदावत जातं हेही बघण्यासारखं आहे. माथ्यावरची भिंत खांबापेक्षा कितीतरी जाड आहे, कारण दोन उतरत्या छपरांमधलं पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ तिच्यावरून जाते. लाल पट्टे विटांचे, पांढरे चुनखडीच्या दगडाचे. स्पेनमधल्याच मेरिदा शहराच्या रोमन जलसेतूतही वीट-दगडाचे थर आणि कमानीवर कमान दिसते. ती कल्पना इथे आली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात.

पुढे दोन शतकं मशीद वाढत गेली. खलिफा अल-हकम दुसरा याच्या काळात, दहाव्या शतकात, मिहराबसमोर (प्रार्थनेची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतल्या कोनाड्यासमोर) जो घुमट झाला तो मला सगळ्यात आवडतो. त्याच्या आठ फासळ्या मध्यबिंदूत मिळतच नाहीत. एकमेकींना छेदत मध्ये एक अष्टकोन मोकळा सोडतात आणि त्यावर छोटा घुमट बसतो. इथल्या सोनेरी काचतुकड्यांच्या नक्षीसाठी बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राटाने कारागीर आणि साहित्य पाठवल्याचं अरबी इतिहासकारांनी नोंदवलं आहे.

१२३६ मध्ये शहर कॅस्टिल या ख्रिस्ती राज्याच्या राजाने जिंकलं आणि मशिदीचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, झालं. ती आजही कॅथेड्रल आहे. १५२३ पासून खांबांच्या मधोमध उंच चर्च उभारलं गेलं. अंगणाकडच्या बहुतेक कमानी बुजल्या, हे मला अधिक बोचतं. पूर्वी तिथूनच उजेड थेट खांबांच्या रांगांत शिरायचा. आजचा गूढ वाटणारा अंधार मूळ आराखड्यातला नाही.

वेळ असेल तर पूर्वेच्या भागात जरूर जा. दक्षिणेला ग्वादल्किविर नदी जवळ असल्याने ९८७ मध्ये राज्याचा तेव्हाचा कारभारी अल-मन्सूर याने मशीद पूर्वेच्या बाजूला वाढवली, म्हणून मिहराब आता मध्यावर नाही. तिथल्या कमानींजवळ उभं राहून नीट पाहिलं, तर लाल पट्टे विटांचे नसून दगडावर रंगवलेले असल्याचं दिसतं.