एसएमपीएसमधील खरखर आणि तिचा बंदोबस्त

एसएमपीएस (स्विच मोड पॉवर सप्लाय, म्हणजे यंत्राला डीसी वीज पुरवणारा भाग) २३० व्होल्ट एसीची आधी सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करतो आणि मग ती सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून हवा तो दाब देतो. या तोडजोडीतून निघणारी उच्च वारंवारितेची विद्युत खरखर तारांतून आणि हवेतून पसरते. मोबाइल चार्जर आणि एलईडी बल्ब हे तिचे घरोघरचे उगम. अनेक चार्जर ६५ किलोहर्ट्‌झवर चालतात. खरखर मूळ वारंवारितेच्या पटींतही उमटते. ६५ ची नऊपट ५८५, आणि आकाशवाणी नागपूर ‘अ’ केंद्राची मध्यम लहर तीच! म्हणून चार्जर लावला की बातम्या खरखरीत बुडतात.

आधी उगम ओळखावा. सेलवर चालणारा रेडिओ एकेका यंत्राजवळ न्यावा. सेकंदा-सेकंदाने ‘टक् टक्’ येत असेल तर तो रोही-रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणाला लावलेल्या झटका मशीनचा आवाज. तिथे एसएमपीएस उघडून काही उपयोग नाही.

फेज आणि न्यूट्रलमध्ये फिरणारी खरखर ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ कपॅसिटर (फेज-न्यूट्रलमध्ये जोडायचा सुरक्षित प्रकार) शमवतो. दोन्ही तारांतून एकाच दिशेने येऊन जमिनीवाटे परतणाऱ्या खरखरीसाठी १० ते ३० मिलिहेन्रीचा कॉमन मोड चोक (एकाच गाभ्यावर दोन्ही तारांची गुंडाळी) आणि वाय कपॅसिटर (तार आणि अर्थ यांमध्ये जोडायचा सुरक्षित प्रकार) लागतात. स्वस्त पुरवठ्यात चोकची जागा बोर्डवर छापलेली असते, पण तिथे नुसती तार सोल्डर केलेली दिसते. वाय कपॅसिटरऐवजी साधा कपॅसिटर कधीही लावू नये; तो शॉर्ट झाला तर मेनची वीज थेट हातात येते.

खरी अडचण अर्थिंगची. काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते, रॉडपासून सुटते. अर्थ तुटला की वाय कपॅसिटरांमुळे धातूच्या पेटीवर ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो, हाताला झिणझिण्या येतात आणि फिल्टरही निकामी ठरतो. अशा वेळी वाय कपॅसिटर काढून टाकणे ही चूक. अर्थच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरून उन्हाळाभर पाणी घालावे.

टिनाच्या छपराखाली आउटपुटचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लवकर सुकतात: तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते. वरून फुगलेले नसले तरी ते आतून सुकलेले असू शकतात. बदलताना १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे (आतला रोध कमी असलेले) घ्यावेत आणि पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक जोडावा. तरी रिपल (डीसीवर उरलेली लहर) उरला तर पुढे १० मायक्रोहेन्री आणि ४७० मायक्रोफॅरडचा फिल्टर द्यावा.

रिपल मोजताना ऑसिलोस्कोपच्या (विजेची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राच्या) प्रोबची लांब अर्थ-क्लिप वापरू नये. ती स्वतःच अँटेना होते आणि नसलेली खरखर दाखवते. प्रोबच्या टोकाशीच आखूड तार गुंडाळून थेट कपॅसिटरच्या पायांवर मोजावे, बँडविड्थ २० मेगाहर्ट्‌झवर ठेवून.