नेमकी कुठे माशी शिंकली?

कोकणात लहानपणी आम्ही वहाळावर गरवायला जायचो, तेव्हाचं शास्त्र सोपं होतं. गरीला गांडूळ लावायचं, पाण्यात सोडायचं आणि तोंड बंद ठेवायचं. माशाला भूक असली की तो ओढायचा. त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किल डोंगरांत, बीव्हरकिल नदीच्या मांडीभर गार पाण्यात उभं राहून जे पाहिलं ते मला पचेना. समोर दहा-बारा हातांवर एक ट्राऊट दर काही सेकंदांनी वर येऊन माश्या टिपत होता. आमच्या सोबतचे आजोबा त्याच्याच वाटेवर हुबेहूब तशी दिसणारी बनावट माशी अलगद सोडत होते. (हे मावसभावाचे न्यू जर्सीतले शेजारी. तो त्यांना नावाने हाक मारतो. मला ते जमेना, म्हणून इथे आजोबा.) मासा वर यायचा, माशीच्या खाली खाली वीतभर मागे सरकायचा, तिला न्याहाळायचा आणि बुडी मारायचा. एकदा, दोनदा, सातदा. भूक आहे, खाणं नाकासमोर आहे, तरी नको.

आपण अशा वेळी म्हणतो, कुठेतरी माशी शिंकली. इथे ती खरोखरीची माशी होती. ती नेमकी कुठे शिंकते हे शोधण्यात या खोऱ्यातल्या माणसांनी शंभराहून जास्त वर्षं घालवली आहेत.

आधी खरी माशी पाहू. तिचं नाव मेफ्लाय, पण घरमाशीशी तिचं काही नातं नाही. पंख असलेल्या कीटकांतलं हे फार जुनं घराणं, तीस कोटी वर्षांच्या आसपासचं. शास्त्रीय नाव ग्रीक भाषेतलं, आणि त्यात ‘एक दिवस’ आणि ‘पंख’ असे दोन शब्द आहेत. ते थोडं फसवं आहे, कारण एक दिवसाचे असतात ते पंख. त्याआधी हा जीव बहुधा वर्षभर नदीच्या तळाशी निम्फ, म्हणजे बिनपंखी पिल्लू, म्हणून काढतो, दगडांवरचं शेवाळ खरवडत आणि पोटाच्या कडांवरच्या कल्ल्यांनी श्वास घेत. सह्याद्रीतल्या एखाद्या स्वच्छ ओढ्यातला दगड उलटा करून पाहा. दोन-तीन बारीक शेपट्यांचा, तुरुतुरु सावलीकडे पळणारा किडा दिसला तर तो याच घराण्यातला असण्याची शक्यता बरीच.

बीव्हरकिलवर वसंतात निघणाऱ्या जातीचं शास्त्रीय नाव एफेमेरेला सबव्हेरिया. गळवाले मात्र तिला ‘हेंड्रिक्सन’ म्हणतात, आणि त्यामागची गोष्ट उलटी आहे. १९१६ मध्ये रॉय स्टीनरॉड यांनी याच नदीवर या किड्याची नक्कल बांधली आणि तिला आपले मित्र ए. ई. हेंड्रिक्सन यांचं नाव दिलं. पुढे ते नाव खऱ्या किड्यालाच चिकटलं. नकलेवरून अस्सलाचं बारसं झाल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

हेंड्रिक्सन निघण्याची वेळ ठरलेली असते. एप्रिलची अखेर ते मेचा मध्य, पाणी १० ते १३ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलं, आणि दुपारी दोन ते चार. निम्फची वाढ पाण्याच्या उबेवर चालते. रोज मिळेल तेवढी ऊब त्याच्या खात्यात जमा होते आणि खातं भरलं की पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या काळ्या पडतात. म्हणूनच शेजारच्या डेलावेअर नदीच्या पश्चिम फाट्यावर हाच किडा उशिरा निघतो. न्यूयॉर्क शहराला पाणी पुरवणारं कॅनन्सव्हिल धरण तिथे आहे आणि त्याच्या तळाचं थंडगार पाणी खाली सोडलं जातं. डोंगर तोच, आभाळ तेच, पण नदीचं पंचांग वेगळं.

वेळ आली की निम्फ दगड सोडतो. सैल झालेल्या कातडीखाली वायू साठतो आणि तो वर तरंगू लागतो. पृष्ठभागाला टेकला की पाठ उकलते आणि जुन्या कातेतून पंखवाला जीव बाहेर निघतो. आता त्याला पाण्यावर उभं राहून पंख उघडायचे असतात. उंदरी रंगाच्या, धुरकट पंखांच्या या अवस्थेला ‘डन’ म्हणतात. पंखांवर अतिसूक्ष्म केसांची लव असते, तिच्यामुळे पाणी चिकटत नाही. ऊन असेल तर डन पटकन उडतो. ढगाळ, गार दिवशी तो शिडाच्या होडीसारखा बराच वेळ वाहत राहतो. आपण ज्याला खराब हवा म्हणतो ती गळवाल्यांची सुगी असते.

उडून झाडावर बसलेला डन तिथे एक अशी गोष्ट करतो जी दुसरा कोणताही कीटक करत नाही. तो पंखांसकट पुन्हा कात टाकतो. फुलपाखरू असो की मुंगळा, पंख आले की कात टाकणं संपतं. मेफ्लाय मात्र पंखांच्या पापुद्र्यावरूनसुद्धा पापुद्रा सोलून काढते. मग काचेसारख्या पंखांचा ‘स्पिनर’ बाहेर येतो. त्याचं तोंड निकामी आणि आतडं हवेने भरलेलं असतं. जेवणाची सोयच नाही, कारण आता कामं उरलेली असतात दोन, जोडीदार शोधणं आणि अंडी घालणं.

एवढ्या थोड्या वेळात जोडीदार सापडायचा तर सगळ्यांनी एकदम निघणं आलं. पण या गर्दीचा आणखी एक फायदा आहे. बर्नार्ड स्वीनी आणि रॉबिन व्हॅनोट यांनी १९८२ मध्ये ‘इव्होल्यूशन’ नियतकालिकात तो दाखवून दिला. त्यांनी पाहिलेली मेफ्लाय वेगळ्या जातीची होती, पहाटेच्या अंधारात निघून सकाळ वर येण्याआधी संपणारी. ज्या दिवशी जास्त माश्या निघतात त्या दिवशी एकेकीचा खाल्लं जाण्याचा धोका कमी होतो, असं त्यांना आढळलं. खाणाऱ्यांची पोटं भरतात आणि माश्या उरतात. सात वर्षांनी एकदम फुलणारी आपली कारवी किंवा एकाच वेळी बी धरणारा बांबू यांच्याबद्दलही हाच तर्क मांडला जातो. पहिल्या पावसानंतर दिव्यावर झेपावणारी पंखवाली वाळवी आठवा. पाल खाऊन खाऊन थकते, तरी सकाळी खिडकीत पंखांचा ढीग असतोच.

ट्राऊटच्या बाजूने बघितलं तर ही पंगत आहे, आणि पंगतीत माणूसही निवडून खातो. मासा संथ पाण्याच्या कडेला ठाण मांडतो आणि शेजारच्या धारेतून वाहत येणारं टिपतो. प्रत्येक वर येण्यात शक्ती खर्च होते. पानाचा तुकडा की किडा हे दरवेळी नव्याने ठरवणं परवडत नाही, म्हणून जे मुबलक येतंय त्याच्या दोन-चार खुणा तो पक्क्या करतो आणि बाकीचं सोडून देतो. इथला मूळचा ब्रूक ट्राऊट तसा भोळा, समोर येईल त्यावर तुटून पडणारा. १८८३ मध्ये जर्मनीहून ब्राऊन ट्राऊटची अंडी न्यूयॉर्कला आली आणि हा पाहुणा भलताच चिकित्सक निघाला. (ब्राऊन ट्राऊट १९०० च्या सुमारास विलायतेतून काश्मीरलाही पोचला.) त्याला फसवायचं तर नक्कल सुधारणं भाग होतं. थिओडोर गॉर्डन यांनी १८९० मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक हॅल्फर्ड यांच्याकडून तरंगत्या माश्यांचे नमुने मिळवले आणि ते कॅटस्किलच्या किड्यांवर बेतले. स्टीनरॉड हे गॉर्डन यांचेच शिष्य.

आता माशाला काय दिसतं ते पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे. पोहण्याच्या तलावात तळाशी बसून वर पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीत कोंबलेलं दिसतं. हिला स्नेलची खिडकी म्हणतात. तिचा कोन सुमारे ९७ अंश आणि व्यास खोलीच्या साधारण सव्वादोन पट. २० सेंटिमीटर खोलीवरच्या माशाची खिडकी जेमतेम ४५ सेंटिमीटरची. त्या गोलाबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो आणि त्यात नदीचा तळ उलटा दिसतो.

दूरवरून वाहत येणारा डन आधी या आरशात येतो. तिथे त्याचं अंग दिसत नाही. पायांच्या दाबाने पाण्याच्या त्वचेला खळगे पडतात आणि आरशात प्रकाशाचे सहा ठिपके चमकतात. जवळ आला की खिडकीच्या काठावर पंखांची टोकं उगवतात, आणि अखेर सगळा किडा समोर. थोडक्यात, माशाला माशी हप्त्याहप्त्याने दिसते आणि प्रत्येक हप्त्याला तिला नापास करता येतं.

नक्कल याच हिशेबाने बांधतात. आकड्याभोवती कोंबड्याच्या मानेचं ताठ पीस गुंडाळलं की त्याचे तंतू पायांसारखे पाण्यावर टेकतात आणि ठिपके उमटतात. भारतातून जाणाऱ्या अशा पिसांच्या मानांना त्या धंद्यात ‘इंडियन केप’ म्हणतात. पंखांना बदकाच्या बरगडीवरची लिंबोळी छटेची पिसं. हेंड्रिक्सनच्या अंगाला कोल्हीच्या पोटाखालची गुलाबीसर लोकर वापरतात. ती छटा मूत्राने आलेली असते, हे ऐकून मावसभावाने हातातली माशी हळूच डबीत ठेवली.

ही माशी फेकायची कशी, हा वेगळा प्रश्न. एरवी गळाचं वजन दोरीला ओढत नेतं. इथे माशी फुंकरीने उडेल इतकी हलकी, म्हणून वजन दोरीलाच दिलेलं असतं. ‘पाच नंबर’च्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन साधारण ९ ग्रॅम असतं. काठी मागे-पुढे झटकली की दोरीचा वळसा पुढे पळतो. हलणारा भाग आखूड होत जातो, तरी त्यातली ऊर्जा बरीचशी टिकते, म्हणून टोक वेगाने उलगडतं. माशी पाण्यावर बसली की नवी पंचाईत सुरू. मधली धार दोरीला ओढते, दोरी माशीला ओढते, आणि माशीच्या मागे केसाएवढी रेघ उठते. खरा किडा पाण्यासोबत निमूट वाहतो, त्याला कोणी ओढत नाही. ती रेघ दिसली की मासा गेला. म्हणून दोरी मुद्दाम ढिली टाकायची आणि टोकाला ०.१५ मिलिमीटरचा लवचीक धागा लावायचा.

आजोबांनी हे सगळं सांभाळलं होतं, तरी सातदा नकार. ते थांबले आणि नुसतं बघत राहिले. पाच मिनिटांनी मला म्हणाले, “बुडबुडा दिसतोय का?” नव्हता दिसत. मासा पाण्यावरचा डन गिळतो तेव्हा सोबत हवा जाते आणि मागे बुडबुडा राहतो. हा मासा नाक बाहेर काढतच नव्हता, पाणी नुसतं फुगायचं आणि बसायचं. म्हणजे तो वर उभे असलेले डन सोडून कातेतून अर्धवट निघालेले, पृष्ठभागात लटकलेले किडे टिपत होता. उडू न शकणारं, हमखास मिळणारं खाणं. त्याच्या आरशात त्या किड्यांचं अंगच थेट खाली लोंबताना दिसत होतं. आमची माशी मात्र सहा ठिपके चमकवत, टाचा उंचावून येत होती.

आजोबांनी खिशातून छोटी कात्री काढली आणि माशीच्या पोटाखालचे पिसाचे तंतू सपाट कापून टाकले. आता ती बसल्या जागी पोटापर्यंत बुडाली. दुसऱ्याच फेकीला पाणी फुगलं आणि काठी वाकली.

मासा हातभर लांबीचा, सोनेरी, अंगावर लाल-काळे ठिपके. आजोबांनी हात ओला केला, बिनकाट्याचा आकडा काढला आणि त्याला धारेकडे तोंड करून सोडून दिलं. रॉस्को गावाखालच्या या पट्ट्यात मासा ठेवायला परवानगीच नाही. “दादा,” मावसभाऊ मराठीत पुटपुटला, “मग आपण आलो कशाला?” कोकणी माणसाला याचं उत्तर देणं कठीण असतं.

चारला पाणी शांत झालं. संध्याकाळी आदल्या दिवशीचे स्पिनर खळाळावर खाली-वर नाचू लागले आणि माद्या शेपटीजवळ पिवळ्या अंड्यांची गोळी घेऊन उतरू लागल्या. पाणी त्या ओळखतात ते आडव्या ध्रुवित प्रकाशावरून. पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाची कंपनं आडव्या पातळीत येतात आणि मेफ्लायच्या डोळ्यांना ती दिसतात. पाण्याखालचा मासा दिसावा म्हणून आजोबा घालतात तो चष्मा नेमका तोच प्रकाश गाळतो. पण डांबरी रस्त्यावरूनही असाच प्रकाश परततो. हंगेरीतल्या क्रिश्का, होर्वाथ आणि अँद्रिकोविच यांनी १९९८ मध्ये दाखवलं की कोरडा काळा रस्ता मेफ्लायना नदीपेक्षाही जास्त नदीसारखा वाटू शकतो, आणि त्या तिथे थव्यांनी अंडी घालतात.

पुलाजवळ लावलेली मावसभावाची गाडी काळी होती, नुकतीच धुतलेली. आम्ही परतलो तेव्हा बॉनेटवर दहा-बारा माद्या पंख पसरून पडल्या होत्या, प्रत्येकीजवळ मोहरीएवढा पिवळा ठिपका. ही अंडी चिकट असतात, तळाच्या दगडाला धरून राहावीत म्हणून. न्यू जर्सीतल्या एडिसन गावी पोचेपर्यंत ती वाळली होती आणि दुसऱ्या दिवशी साबणाच्या पाण्यानेही निघता निघेनात.