कमी पाणी, जास्त कॉर्टिसॉल: व्हॅसोप्रेसिनचा मागचा इतिहास

२०२५ साली लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठातला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. निरोगी तरुणांचे दोन गट होते. एका गटातले लोक एरवीही दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी आणि इतर पेयं घेणारे, दुसऱ्यातले भरपूर पिणारे. दोन्ही गटांना अनोळखी परीक्षकांसमोर बोलायला आणि तोंडी हिशेब करायला लावलं. घाबरले दोघेही सारखेच, छातीचे ठोकेही सारखेच वाढले. मात्र कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची उसळी कमी पिणाऱ्यांमध्ये ५० टक्क्यांहून अधिक मोठी होती. विशेष म्हणजे त्यांना तहान काही जास्त लागलेली नव्हती.

बातम्यांमध्ये हे अगदी नवं म्हणून आलं. पण पाणी आणि ताण यांचा धागा शास्त्रज्ञांच्या हाती लागला होता तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात.

केंब्रिजमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट व्हर्नी कुत्र्यांना भरपूर पाणी पाजून त्यांची लघवी मोजत असत. कुत्रं बेचैन झालं की लघवीचं प्रमाण एकदम घटायचं. १९४२ मध्ये ओकॉनर आणि व्हर्नी यांनी दाखवलं, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा मागचा भाग काढून टाकला तर ही घट पुष्कळच कमी होते. म्हणजे भावनिक ताणामुळे तिथून काहीतरी रक्तात उतरत होतं. पुढे व्हर्नींनी डोक्याकडे जाणाऱ्या धमनीत मिठाचं दाट द्रावण सोडलं, तेव्हाही लघवी तशीच घटली. रक्त जरा दाट झालं की मेंदूला ते कळतं आणि मूत्रपिंडांना पाणी राखायचा निरोप जातो. निरोप नेणारं संप्रेरक म्हणजे व्हॅसोप्रेसिन. भीती आणि तहान, दोन्हींसाठी एकच निरोप्या! मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची जागा वाटते.

व्हॅसोप्रेसिनची रचना व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी उलगडली. नऊ अमिनो आम्लांची ही लहानशी साखळी त्यांनी प्रयोगशाळेत तयारही केली आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

त्याच वर्षी माँट्रियलमध्ये सॅफ्रन आणि शॅली यांनी, तर ह्यूस्टनमध्ये गियमँ आणि रोझेनबर्ग यांनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट सांगितली: पिट्युटरीचा पुढचा भाग आपल्या मर्जीने एसीटीएच हे संप्रेरक सोडत नाही, वरून हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाचा हुकूम यावा लागतो. एसीटीएच मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसॉल सोडायला लावतं. मग हा हुकूम देणारा रेणू कोणता? त्या काळी अनेकांचा संशय व्हॅसोप्रेसिनवरच होता, कारण ते टोचलं की एसीटीएच वाढायचं.

उत्तराचा एक तुकडा उंदरांनी दिला. अमेरिकेतल्या व्हर्माँटमधल्या ब्रॅटलबरो इथे १९६१ मध्ये सतत पाणी पिणारे आणि सतत लघवी करणारे उंदीर आढळले. त्यांच्या शरीरात जन्मतःच व्हॅसोप्रेसिन तयार होत नव्हतं. हाइन्झ व्हाल्टिन यांनी त्यांचा कसून अभ्यास केला. या उंदरांची ताणाला मिळणारी प्रतिक्रिया मंद होती, पण नाहीशी झालेली नव्हती. म्हणजे व्हॅसोप्रेसिनचा हात होता, पण एकट्याचा नव्हता.

मुख्य रेणू सापडायला १९८१ उजाडलं. वायली व्हेल यांच्या गटाने मेंढ्यांच्या मेंदूतून एसीटीएच सोडायचा हुकूम देणारा, ४१ अमिनो आम्लांचा सीआरएफ हा रेणू वेगळा केला. व्हॅसोप्रेसिनचं महत्त्व संपलं असं वाटत असतानाच, पुढच्याच वर्षी लंडनमधल्या गिलीज, लिंटन आणि लोरी यांनी दाखवलं, की व्हॅसोप्रेसिन जोडीला असेल तर सीआरएफचा परिणाम कित्येक पटींनी वाढतो. पुढे पिट्युटरीच्या त्या पेशींवर व्हॅसोप्रेसिनसाठी वेगळा ग्राही (संप्रेरकाचा निरोप टिपणारा रेणू) असल्याचंही निश्चित झालं.

इथे एक बारकावा बातम्यांमधून हमखास निसटतो. हायपोथॅलॅमसमध्ये व्हॅसोप्रेसिन बनवणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या आहेत. मोठ्या पेशी रक्ताच्या दाटपणाकडे लक्ष ठेवतात आणि त्यांचं व्हॅसोप्रेसिन मूत्रपिंडांपर्यंत जातं. लहान पेशी सीआरएफच्या सोबतीने पिट्युटरीच्या पुढच्या भागाला हुकूम देतात. शरीरात पाणी कमी पडलं की आधी जागं होतं ते पहिलं, म्हणजे मोठ्या पेशींचं खातं. त्याचा किती अंश दुसऱ्या खात्यात पोचतो, यावर लिव्हरपूलच्या निष्कर्षाचा अर्थ ठरतो.

शिवाय २०११ मध्ये सिनसिनाटीच्या संशोधकांनी नेमकं उलट चित्र मांडलं होतं. उंदरांना मिठाचं दाट द्रावण टोचून मग ताण दिला, तर त्यांचं ताणाचं संप्रेरक कमी वाढलं. ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकाने त्याला आवर घातला होता. अर्थात अचानक मीठ टोचणं वेगळं आणि महिनोन्‌महिने कमी पाणी पिण्याची सवय वेगळी. सवयीने कमी पिणाऱ्यांनाच काही महिने पुरेसं पाणी देऊन तीच चाचणी पुन्हा घेतली, तरच कॉर्टिसॉलच्या त्या उसळीचं कारण पाणी होतं की त्या लोकांमधला आणखी काही फरक, हे ठरेल.